पाच वर्षं फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन केलं, आता पुढं कुठं जाऊ?

फ्लेक्स_मिरज

नमस्कार. वय २३, गाव मिरज. बारावी आर्ट्स झाल्यावर एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर म्हणून लागलो, येत्या जूनमध्ये पाच वर्षं होतील. सुरुवात सहा हजारांवर झाली, आता चौदा मिळतात. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे. चित्रकलेचे सर घरी येऊन सांगून गेले होते, पोराला आर्ट कॉलेजला घाला. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. नेमकं त्याच वर्षी त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि तो विषय तिथंच राहिला.

काम काय करतो ते सांगतो. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप. वाढदिवसाचे बॅनर, गणपती मंडळं, दहावा-तेरावा, दुकानांचे बोर्ड, यात्रा, लग्नाचे वेलकम बोर्ड. निवडणुकीत रात्रीचे दोन वाजतात. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून बसतं आणि ‘हा फोटो अजून मोठा कर, ते नाव वर घे’ असं सांगत राहतं. कुणाचा फोटो कुणापेक्षा बोटभर मोठा, यावरून माझ्या टेबलापाशी भांडणं झाली आहेत. एका बॅनरला वीस मिनिटं मिळतात. डिझाइनचे वेगळे पैसे कुणी देत नाही, स्क्वेअर फुटाच्या रेटमध्येच ते धरलेलं असतं.

मागच्या पावसाळ्यात एक आजी आल्या. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचा बोर्ड करायचा होता. फोटो म्हणून त्यांच्याकडं एक जुनं ओळखपत्र होतं, त्यावरचा शिक्का अर्ध्या गालावर आलेला. दुकान बंद झाल्यावर मी दीड तास बसून तो शिक्का काढला. नाव फॉन्टमध्ये टाकलं तर बरं दिसेना, म्हणून पेन्सिलनं कागदावर काढलं, स्कॅन केलं आणि लावलं. दुसऱ्या दिवशी आजींनी बोर्डावरच्या नावावरून बोट फिरवलं, जसं आपण पाटीवर गिरवतो तसं. अशी कामं करण्यात माझं आयुष्य जावं असं मला त्या दिवशी वाटलं. तोवर मी याला नोकरी म्हणत होतो.

आता प्रश्न. पुण्यात सहा महिन्यांचा ग्राफिक डिझाइनचा कोर्स आहे, फी १ लाख ४० हजार, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. मामा कर्ज काढून द्यायला तयार आहेत. तो करू, की या वयात चार वर्षांच्या बीएफएला, म्हणजे कलेच्या पदवीला जाऊ? की आहे तिथंच राहू? दुकानाचे मालक म्हणतात, दोन वर्षांत एआय सगळे बॅनर करेल. मोकळेपणानं सांगा.

अक्षर_आणि_पाकीट

तुझ्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते.

मी कोल्हापुरात कमर्शिअल आर्ट केलं. आमच्या वेळी जी. डी. आर्टचा डिप्लोमा होता. मग नऊ वर्षं मुंबईत एका जाहिरात एजन्सीत आणि २०१२ पासून पुण्यात स्वतःचं काम, बहुतेक पॅकेजिंग: हळद, बेदाणा, चटण्या, काकवी. तुझी पोस्ट दोनदा वाचली. ते पेन्सिलनं काढलेलं नाव नीट जपून ठेव, त्याकडं शेवटी येते.

आधी पैशाचं. मामांना कर्ज काढायला लावू नकोस. सहा महिन्यांत ते लोक जी सॉफ्टवेअरं शिकवतील त्यातली दोन तुला येतात. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन तू दुकानातून आल्यावर रोज तासभर बसलास तर दिवाळीपर्यंत हाताखाली येतील. तरीही जायचंच असेल तर त्यांच्याकडून गेल्या वर्षीच्या तीन मुलांची नावं माग आणि त्या मुलांशी स्वतः बोल. कुठं लागले, किती पगार, किती महिने टिकले, हे विचार. आणि प्लेसमेंटची हमी फीच्या पावतीवर लिहून देतात का ते बघ. माझ्याकडं कामाला आलेल्या दोन मुलींनी अशाच कोर्सला पैसे भरले होते. दोघींनाही छपाईसाठी फाइल कशी तयार करायची हे माहीत नव्हतं आणि मराठीचा एकही परिच्छेद त्यांनी कधी लावलेला नव्हता.

बीएफएचं वेगळं आहे. उपयोजित कलेची, म्हणजे कमर्शिअल आर्टची चार वर्षं म्हणजे चार वर्षं कुणीतरी तुझ्या कामाकडं बघतं, चूक दाखवतं, पुन्हा करायला लावतं. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात कमर्शिअल आर्टचा विभाग १९३५ साली सुरू झाला आणि १९५८ साली उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. तेव्हापासून मुंबईच्या एजन्सींमध्ये तिथली मुलं भरलेली आहेत, सीनिअर ज्युनिअरला ओढून घेतो. पुण्यात अभिनव आहे, कोल्हापुरात दळवीज आणि कलानिकेतन आहे, पणजीला आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे. महाराष्ट्रातल्या प्रवेशासाठी कलेची सीईटी असते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान. पहिले तीन विषय तू इंटरमिजिएटला दिलेलेच आहेस, ए ग्रेड घेऊन. म्हणजे दार बंद नाही. पण चार वर्षं घरात चौदा हजार येणार नाहीत आणि वर कागद, रंग, प्रिंटआउट यांचा खर्च. वडिलांची पाठ कशी आहे, पाठीमागं भावंडं किती, हे मला माहीत नाही, ते गणित तुलाच घालावं लागेल. घरून जमत असेल तर जा, आणि कोल्हापूरलाच जा. मिरजेहून रेल्वेनं जाऊन-येऊन करणारी मुलं माझ्या वर्गात होती.

जमत नसेल तर पुढचं वाच.

तुला अक्षरांची नजर आहे. ‘फॉन्टमध्ये बरं दिसेना’ हे बहुतेकांना दिसतच नाही. देवनागरी चांगली लावणारे डिझायनर फार कमी आहेत आणि मराठीत विकणारा प्रत्येक उद्योग त्यांना शोधत असतो. माझ्याकडं येणाऱ्या फायलींमध्ये काय दिसतं सांगते. इंग्रजीत अक्षरांमधलं अंतर वाढवतात तसं मराठीत वाढवतात आणि शिरोरेषा तुटते. ओळी इतक्या जवळ की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. ठळक दिसावं म्हणून अक्षराला बाहेरून जाड रेघ देतात, मग ‘ष’ आणि ‘क्ष’ची पोटं बुजतात. हिंदीसाठी केलेला फॉन्ट घेतात, त्यातला ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचा नसतो. शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेतल्या अक्षरांची रूपं ठरवून दिली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय सुधारला, तो सुधारलेला निर्णय एकदा काढून वाच. आणि ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत, एक डोंगरातला, एक पाण्याचा. ज्या फॉन्टला हा फरक दाखवता येत नाही तो मराठीसाठी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये मराठी टाकल्यावर वेलांटी भलतीकडं जाते ना? फोटोशॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन मजकुराची मांडणी वर्ल्ड-रेडी कर, इलस्ट्रेटरमध्ये इंडिक पर्याय चालू कर, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी नावाचा कंपोजर निवड. माझी एजन्सीतली पहिली दोन वर्षं ही सोय नसल्यामुळं जोडाक्षरं हातानं जुळवण्यात गेली.

बघायचं कुणाचं, तर कमल शेडगे यांच्या नाटकांच्या जाहिराती शोध. वर्तमानपत्रातल्या दोन बोटांच्या चौकोनात ते नाटकाचं नाव असं लिहायचे की नाटक गंभीर आहे की फार्स, हे अक्षरावरून कळायचं. आणि तुझ्या कॉम्प्युटरवरचा मंगल फॉन्ट र. कृ. जोशी यांनी केलेला आहे, ते पवईला आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात शिकवायचे. त्यांनी केलेलं सुलेखन बघ. अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, ती सुलेखनासाठी.

आता पोर्टफोलिओ. वाढदिवसाचे तीस बॅनर लावू नकोस. पाच-सहा कामं ठेव, पण प्रत्येकाची सुरुवातीची कच्ची रेखाटनंही ठेव. आजींच्या नवऱ्याचा बोर्ड पहिला, घरच्यांना विचारून आणि आडनाव झाकून. दुसरं काम तुझ्या गावातच आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत जा, एखाद्या कारागिराला त्याच्या वाद्याला लावायचं लेबल करून दे. फुकट करू नकोस, पाचशे रुपये घे, पण घे. स्क्वेअर फुटात डिझाइन बुडवायची जी सवय गिऱ्हाइकाला लागलीय, ती तुझ्या बाजूनं तिथं मोडेल. तिसरं, सांगलीच्या हळदीचं किंवा तासगावच्या बेदाण्याचं अर्धा किलोचं पाकीट, पुढची-मागची बाजू पूर्ण. हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, ग्राहक तक्रारीचा पत्ता, सगळं. वजनाचे आकडे किती उंच असावेत हेसुद्धा २०११ च्या पॅकेजिंग नियमांत ठरवून दिलंय. बारकोड लाल रंगात कधी छापू नकोस. स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघा दिसत नाहीत. एवढं पाकीट तू नीट करून आणलंस तर मी तुझी डिग्री विचारणार नाही, आणि माझ्या ओळखीचे चार-पाच जणही विचारणार नाहीत.

पैशाचा अंदाज हवा म्हणून माझंच सांगते. पहिलं स्वतंत्र पाकीट मी साडेतीन हजारांत केलं होतं. आज तशाच कामाचे पंचवीस ते तीस हजार घेते, निम्मे काम सुरू करण्याआधी, तीन दुरुस्त्यांपर्यंत. पण या दोन रकमांमध्ये तेरा-चौदा वर्षं आहेत, हे लक्षात ठेव.

ऑफसेट_नाना

ताईंनी अक्षराचं सांगितलं, मी मशीनचं सांगतो. सांगलीत छपाईत एकतीस वर्षं झाली. खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, आता चार रंगी ऑफसेट आहे.

पोरा, फ्लेक्सवर शिकलेल्या मुलाची एकच अडचण असते. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, त्यामुळं चुका खपतात. कागद माणूस हातात धरून बघतो.

सात-आठ वर्षांमागची गोष्ट. एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आली, दोन हजार प्रती. फाइल बाहेरून करून आणलेली. मुलानं सगळा मजकूर फोटोशॉपमध्ये केला होता, त्यामुळं काळी अक्षरं काळ्या शाईत न राहता चारही रंगांत वाटली गेली. मशीनवर प्लेट केसभर हलते, ते होणारच. फोटोत ते कळत नाही. पण नऊ पॉइंटच्या अक्षराला निळी-लाल कड आली आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी फाइल न तपासता प्लेट काढली ही माझी चूक. मजकुराची पानं पुन्हा छापली, कागद माझ्या खिशातून गेला. मुख्याध्यापिका बाईंनी त्यांचं मनोगताचं पान मला वाचून दाखवायला सांगितलं होतं, ते मला वाचता आलं नाही, ते दुःख कागदाच्या पैशापेक्षा मोठं होतं.

त्या दिवसापासून फाइल आली की मी पहिल्यांदा काळा रंग तपासतो. मजकूर असेल तर फक्त काळी शाई शंभर टक्के, बाकी तिन्ही शून्य. दुसरं बघतो ते ब्लीड, चारही बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त आहे का. नाहीतर कटिंगला पांढरी रेघ राहते. तिसरं, फोटो तीनशे डीपीआयचे आहेत का. फ्लेक्सला शंभरवर चालतं, इथं नाही चालत.

आणि भगवा. स्क्रीनवर जो झगझगीत भगवा दिसतो तो चार रंगांत येत नाही, विटकरी नाहीतर पिवळट होतो. आम्ही पिवळा शंभर, मॅजेंटा साठ-पासष्टच्या आसपास धरतो. गिऱ्हाईक फारच काटेकोर असेल तर पाचवी शाई वेगळी लावतो आणि तिचे पैसे आधी सांगतो. हे तू एकदा मशीनशेजारी उभं राहून बघितलंस की स्क्रीनवर रंग निवडताना तुझा हात आपोआप थांबेल.

मराठी टाइप करायला श्रीलिपी सॉफ्टवेअर वापरत असशील. आमच्याकडंही अजून त्याच फायली येतात. पण जुन्या श्रीलिपीतला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की चिन्हांचा कचरा दिसतो, म्हणून सगळे कोरलमध्ये कंट्रोल क्यू मारून कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून पाठवतात. मग छपाईच्या आदल्या रात्री नावात चूक सापडली की अक्षर दुरुस्त करता येत नाही. कर्व्ह केलेली फाइल पाठव, पण मजकूर जिवंत असलेली प्रत स्वतःकडं ठेव. आणि युनिकोडवर ये, त्यातला मजकूर कुठल्याही मशीनवर तसाच दिसतो, आजच ये.

मिरजेहून सांगलीला यायला तुला कितीसा वेळ लागतो? रविवारी माझं मशीन चालू असतं.

लातूर_ते_बंगळूर

वरच्या दोघांचा आदर ठेवून थोडं वेगळं सांगतो. मी लातूरचा, बीएस्सी केलं, मग सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एमडेसला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला गेलो, आता बंगळूरमध्ये एका पेमेंट अ‍ॅपच्या डिझाइन टीममध्ये आहे. छपाईत पगार हळू वाढतो. माझ्या शाळेतला मित्र प्रेसमध्ये आहे, तो माझ्याइतकाच कष्टाळू आहे आणि आमच्या पगारात आज चौपट फरक आहे. हे बोलायला बरं वाटत नाही, पण तू मोकळेपणानं सांगा म्हणालास.

बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी असते ती युसीड परीक्षा तुझ्यासाठी गेली, ती बारावीच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षीच देता येते. पण सीडला वयाची अट नाही आणि ती कितीही वेळा देता येते. लागते ती पदवी किंवा बारावीनंतरचा किमान तीन वर्षांचा डिप्लोमा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून बीए कर. तीन वर्षांत तू सव्वीस-सत्तावीसचा असशील आणि तोवर ताई म्हणतात तसा पोर्टफोलिओही तयार असेल. मग सीड देऊन आयडीसीला किंवा दुसऱ्या आयआयटीत अर्ज कर. माझ्या वर्गात एकतीस वर्षांचा मुलगा होता, त्याच्या घरी साइनबोर्ड रंगवायचा धंदा होता. अक्षरांच्या तासाला सर त्यालाच पुढं बोलवायचे.

दरम्यान फिग्मा शिक, अ‍ॅपच्या स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर आहे, सुरुवातीला फुकट वापरता येतं. आमच्या अ‍ॅपचं मराठी मी बघतो. इंग्रजीच्या मापानं केलेल्या बटणात ‘पुष्टी करा’ बसतं, पण ‘व्यवहार रद्द करण्यात आला’ बसत नाही. मात्रा-उकारांमुळं ओळीची उंची वाढवावी लागते, ते इंग्रजीवाल्या सहकाऱ्यांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू बघ. गुगल फॉन्ट्सवर आहेत, मोफत आहेत, व्यवसायालाही वापरता येतात. चोरीचे फॉन्ट पोर्टफोलिओत दिसले की आमच्याकडं अर्ज बाजूला पडतो.

अक्षर_आणि_पाकीट

मुक्त विद्यापीठ आणि सीडचा रस्ता मला सुचला नव्हता. चौदा हजार चालू ठेवून करता येण्यासारखा आहे, फ्लेक्स_मिरज, यावर गंभीरपणं विचार कर. पगाराचंही त्यांचं बरोबर आहे. फक्त अ‍ॅपमध्ये जायचं म्हणून हातानं अक्षर काढणं सोडू नकोस.

एआयचं राहिलं. मीही वापरते, पार्श्वभूमीला, रंगाच्या कल्पना पटकन बघायला. मराठी मजकूर त्याच्याकडून काढून घेतला तेव्हा जोडाक्षरं मोडली, काने भलतीकडं गेले. ते उद्या सुधारेल. तुझ्या मालकांचं म्हणणं वाढदिवसाच्या बॅनरपुरतं खरंही ठरेल, त्या कामावर घर चालवायचा बेत करू नकोस. पण हळदीचा व्यापारी माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याला स्वतःला काय हवंय ते माहीत नसतं. दोन तास बोलल्यावर तो सांगतो की त्याच्या आजोबांच्या गोण्यांवर निळ्या शाईचा शिक्का असायचा. मग पाकीट त्या निळ्यातून उभं राहतं. शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या माणसाच्या तोंडून हे काढून घ्यायचं काम तू पाच वर्षं करतोयस. वीस मिनिटांऐवजी त्याला दोन तास दे, एवढंच कर.

फ्लेक्स_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ही सगळी उत्तरं वडिलांना वाचून दाखवली. त्यांनी सीडचं दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, म्हणजे नोकरी सोडायची नाही ना. नाही म्हटलं. मग म्हणाले, मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भर. मामांना कोर्सचं नको म्हणून कळवलं.

ताई, आज दुकानात एक काम मुद्दाम वेगळं केलं. मंडळाच्या बॅनरवर ‘कार्यकर्ते’ शब्दातली अक्षरं मालकांनी लांब-लांब करायला सांगितली होती. शिरोरेषा तुटलेली आणि न तुटलेली अशी दोन्ही छोटी प्रिंट काढून त्यांच्यापुढं ठेवली, काही बोललो नाही. त्यांनी न तुटलेली उचलली.

सतारमेकर गल्लीत गुरुवारी सुट्टीच्या दिवशी जाणार आहे. तिथल्या एका काकांकडं जुनी छापील लेबलं आहेत असं मित्र म्हणाला, त्यांचे फोटो काढून इथं टाकतो. लेबल वाद्याच्या आत, भोपळ्याच्या पोटात चिकटवतात की बाहेर, त्यावर माप ठरेल, तेही विचारतो.

नाना, रविवारी नऊला पोहोचतो. स्मरणिकेची ती बिघडलेली पानं तुम्ही ठेवली असतील तर मला बघायची आहेत. आणि एक विचारायचं राहिलं: माझ्याकडं दुकानातल्या जुन्या श्रीलिपीतल्या चारशे फायली आहेत, त्यातला मजकूर युनिकोडमध्ये आणायला तुम्ही कुठला कन्व्हर्टर वापरता? त्यात ‘ऱ्य’ टिकतो का?

ऑफसेट_नाना

पानं आहेत, कपाटात वरच्या खणात. ये. कन्व्हर्टर मशीनवरच दाखवतो, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ आम्ही त्यानंतर शोधून हातानंच दुरुस्त करतो. चारशेतल्या दहा फायली पेनड्राइव्हवर घेऊन ये.